नरसिंहरावांच्या जीपमधलं तेल

१

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याची. या कानडी शहरातल्या चामराजपेटेत तेव्हा अजून पुष्कळ बैठी घरं होती, घरांपुढे अंगणं होती, आणि कुणाच्या अंगणात काय चाललंय हे समोरच्या घराला न विचारता कळत असे.

विजयादशमीच्या सकाळी कनकपुरा रस्त्याच्या एका उतारावर नरसिंहरावांची जीप चरात कलंडलेली सापडली. आडवं कुणी आलं नव्हतं. टायर फुटला नव्हता, ब्रेक शाबूत होते. रस्त्यावर मागच्या दोन्ही चाकांचे लांबलचक काळे पट्टे उमटले होते, धावत्या गाडीची चाकं कुणी एकदम मुठीत आवळून धरावीत तसे. बॉनेटवरचा झेंडूचा हार मात्र जागच्या जागी होता.

नरसिंहराव म्हणजे निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, सत्तरीकडे झुकलेले विधुर. त्यांचं घराणं कधीकाळी घोड्यावरून या मुलखात आलेलं. घोडे गेले तरी दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची पद्धत त्यांनी सोडली नव्हती. बायको होती तोवर दोघं जात. ती गेल्यावर ते एकटेच पहाटे निघत आणि येताना बन्नीची, म्हणजे शमीची, पानं आणून समोरच्या अनुसूयाबाईंच्या हातावर ठेवत. या वर्षी अनुसूयाबाई दारात वाट पाहत उभ्या राहिल्या, आणि पानांऐवजी बातमी आली.

मांडीचं हाड मोडलं होतं, बरगड्या दुखावल्या होत्या. जीव वाचला होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात नरसिंहरावांची पुतणी प्रतिमा येरझारा घालत होती. बनशंकरीला राहणारी, बँकेत अधिकारी, बोलायला तिखट.

"अक्का, हे बसवंताचं काम आहे," ती अनुसूयाबाईंना म्हणाली.

"कुठला बसवंत? आपला मेकॅनिक?"

"दुसरा कोण? गेल्या आठवड्यात गाडी त्याच्याकडेच होती. राजस म्हणतो, गिअरबॉक्समागची ती पेटी, ट्रान्सफर केस, जाम झाली असणार. त्यात बसवंताने काहीतरी कोकम सरबतासारखं पातळ घालून ठेवलं होतं म्हणे. राजसला गाड्यांतलं कळतं."

राजस म्हणजे नरसिंहरावांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. नागपूरचा पोरगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या नोकरीला. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल झाले होते.

"सोमवारी मी पोलिसांत तक्रार देणार," प्रतिमा म्हणाली. "म्हातारा माणूस मरता मरता वाचला. त्या माणसाला मी आत घालवल्याशिवाय राहणार नाही."

"आधी पेटी उघडून तर बघू दे कुणाला तरी," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"बघा तुम्ही. तुमचा जन्म गेलाय तेलात."

ते खरंच होतं. एका मोठ्या वर्कशॉपच्या प्रयोगशाळेत अनुसूयाबाईंनी सगळी नोकरी यंत्रांची तेलं तपासण्यात घालवली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांना दिवस मोठे वाटत आणि घर त्याहून मोठं. सकाळी समोरची जीप सुरू झाल्याचा आवाज आला की त्या कॉफीचं पाणी ठेवत. दसऱ्यानंतरच्या सकाळी आवाज आला नाही. त्या कितीतरी वेळ रिकामं भांडं हातात धरून उभ्या होत्या.

२

जीप म्हैसूर रस्त्यावरच्या एका शेडमध्ये आणून ठेवली होती. तिथल्या माणसाने अनुसूयाबाईंसमोरच ट्रान्सफर केस उघडली.

ही गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली एक पेटी. इंजिनाची ताकद तिच्यात येते आणि पुढच्या व मागच्या चाकांना वाटून दिली जाते. नरसिंहरावांची जीप इथली नव्हती. एका परदेशी कंपनीने धरणाच्या कामासाठी आणलेली आणि काम संपल्यावर लिलावात काढलेली. तिच्या पेटीत एक रुंद साखळी होती आणि साखळीमागे चिमुकला पंप. तो पंप तेल वर चढवून मागच्या दांड्याच्या बेअरिंगला पाजत असे.

साखळी उष्णतेने निळी पडली होती. बेअरिंग दांड्याला चिकटून एकजीव झालं होतं.

"तेल नव्हतं का आत?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"भरपूर आहे की अम्मा. हे बघा."

तेल होतं. पण पातळ नव्हतं. काकवीसारखं जाड, आणि विझलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारखा उग्र वास. अनुसूयाबाईंना हातात घ्यायचीही गरज नव्हती. गिअरबॉक्समध्ये घालतात ते नव्वद नंबरचं तेल. गंधकाचा वास त्याचाच. भल्या भल्या दातेरी चाकांचं रक्षण करणारं, पण या पेटीच्या पंपाला ते ओढवतच नाही. थंड पहाटे जाड तेल तळाशी बसून राहिलं, वरचं बेअरिंग कोरडं फिरलं, तापलं आणि उतारावर अडकलं. यंत्राला जाड तेल म्हणजे दमदार तेल, असं पुष्कळांना वाटतं. या पेटीला पातळ लाल तेल लागत होतं, स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत घालतात ते.

त्यांनी पर्समधून टीपकागद काढला आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडला. हा त्यांचा जुना प्रयोग. थेंब सावकाश पसरला. मध्ये काळा ठिपका, भोवती मधाच्या रंगाचं कडं, आणि सगळ्यांत बाहेर, जिथवर फक्त पातळ तेल पोचतं तिथं, अगदी फिकट गुलाबी किनार.

म्हणजे आधी आत लाल तेल होतं. कुणीतरी ते काढून टाकलं होतं. चार थेंब कोपऱ्यात राहून गेले, त्यांनी एवढी साक्ष दिली.

"भरायच्या भोकाचा बोल्ट कुठाय?"

माणसाने बोल्ट हातावर ठेवला. आट्यांमध्ये तेलाने काळवंडलेलं काहीतरी दाबून बसलं होतं. अनुसूयाबाईंनी पिनेच्या टोकाने ते सोडवलं आणि उजेडात धरलं.

झेंडूची पाकळी.

३

बसवंताचं गॅरेज त्यांच्याच गल्लीत, चार घरांवर. एरवी तिथं गाड्यांची दाटी. त्या दिवशी एक स्कूटर होती, आणि ती बसवंताची स्वतःची होती.

"या अक्का, स्वल्प बसा, जरा," त्याने स्टूल पुसून दिलं. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. आवाज पार बसला होता. "तुम्ही पण विचारायलाच आलात ना? विचारा."

"पेटीत काय घातलं होतंस?"

"लाल. त्या गाडीला लालच. गाडी घेतली तेव्हा साहेबांनी पुस्तकातलं चित्र दाखवून मला शिकवलं होतं. चुकू नये म्हणून दोन डबे मी दुकानाच्या दोन टोकांना ठेवतो."

"नवमीला गाडी इथं आली होती?"

"दरसालप्रमाणे. सकाळी आयुधपूजा केली, हार घातला, चाकाखाली लिंबं, पुढं कोहळा फोडला. मग साहेब घेऊन गेले."

"आणि त्यानंतर तिला पाना कुणी लावला?"

बसवंत त्यांच्याकडे बघतच राहिला. "नवमीला पाना? अक्का, पाने सगळे देवापुढे मांडलेले. कुंकू लावून. दशमीच्या संध्याकाळी आरती करून उचलले. माझा सख्खा मेव्हणा त्या दिवशी मार्केटपाशी स्कूटर बंद पडून रडत आला. त्याला म्हटलं, बसने जा घरी. अजून बोलत नाही माझ्याशी."

अनुसूयाबाईंना हसू आलं. बसवंत हसला नाही.

"शेडचा मालक म्हणतो, पोलीस आले तर जागा खाली कर. बायको विचारते, खरंच तुम्ही चुकलात का हो? ती विचारते अक्का! मी काय सांगू?"

मग तो आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "एक गोष्ट कुणाला बोललो नाही. नवमीला दुपारी मी प्रसाद द्यायला साहेबांकडे गेलो होतो. तुमचं दार बंद होतं."

"मी बनशंकरीच्या देवळात होते. अंधार पडल्यावर आले."

"आत प्रतिमाम्मा भांडत होत्या. गाडी विका म्हणून. मी बाहेरूनच परतलो. पण जाताना ऐकलं. म्हणाल्या, तुम्ही विकणार नसाल तर मीच एक दिवस ती बंद पाडते."

४

प्रतिमाच्या घरी दिवाणखान्यात अजून दसऱ्याच्या बाहुल्यांची आरास होती. अनुसूयाबाईंनी आडवळण न घेता विचारलं, तशी प्रतिमा आधी लाल झाली आणि मग खो खो हसली.

"मी? अक्का, मी बंद पाडीन म्हणजे किल्ली लपवून ठेवीन! त्या पेटीला तोंड कुठे असतं हे मला अजून माहीत नाही. आणि नवमीला? आमच्या सासूबाईंनी कात्री, विळी, शिलाईचं मशीन, सगळं देवापुढे मांडून ठेवलेलं. मिस्टरांना दाढी करू दिली नाही. भाजी आदल्या दिवशी चिरलेली. त्या घरातून मी पाना घेऊन निघाले असते तर मला परत आत घेतलं असतं का?"

"मग रागावली होतीस ते?"

प्रतिमाचं हसू ओसरलं. "सत्तर वर्षांचा माणूस, एकटा पहाटे हायवेला. फोन करावा तर उचलत नाहीत. मी रोज घाबरते अक्का. माझं आहे कोण दुसरं माहेरच्या बाजूला? बाबा गेले, काकू गेली. म्हणून ओरडले. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं असतं."

अनुसूयाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नवमीला तिथून निघालीस केव्हा?"

"तीनच्या सुमाराला. काका आत जाऊन पडले होते. राजस बादली घेऊन खाली येत होता. म्हणाला, गाडी पुसून चकाचक करतो. पोराचा पहिलाच दसरा घराबाहेर. फार वाईट वाटलं मला त्याच्याकडे बघून."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून अनुसूयाबाई एकेक गोष्ट लावून बघत होत्या. पाकळी हारातली. हार नवमीच्या सकाळी घातला. दशमीच्या पहाटे गाडी निघाली. बोल्ट उघडला गेला तो या दोहोंच्या मध्ये. तो अंगणात जमिनीवर ठेवला, तिथं पाकळ्या पडल्या होत्या, त्यातली एक तेलकट आट्यांना चिकटून आत गेली. आणि त्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या सगळ्या घरांत पाने, कात्र्या, विळ्या देवापुढे होत्या.

मग त्यांना इस्पितळाचा व्हरांडा आठवला. अपघाताचाच दिवस, पेटी अजून कुणी उघडलेली नव्हती. कोकम सरबतासारखं, असं प्रतिमा म्हणाली होती. कोकम सरबत पातळ असतं. आणि लाल असतं.

त्यांचा स्टॉप मागे गेला तरी त्या उठल्या नाहीत.

५

"राजस जेवतो ना वेळेवर?" त्या संध्याकाळी इस्पितळात नरसिंहरावांनी पहिलं हेच विचारलं. "आहे ना तो वर? गेला नाही ना कुठं?"

"आहे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "नरसिंहराव, पेटीत नव्वद नंबरचं तेल होतं."

ते छताकडे बघत राहिले. "मला डुलकी लागली असेल. तसं लिहून दे म्हणावं प्रतिमाला."

"तुम्हाला डुलकी लागली नव्हती."

"अनुसूया, जाऊ दे."

"तुम्हाला कळलं केव्हा?"

"गाडी कलंडल्यावर. अंगावर तेल ठिबकत होतं, गंधकाचा वास आला. नवमीला दुपारी पडल्या पडल्या अंगणातून राजसची शीळ ऐकली होती. पोरगं गाडी पुसतंय, एवढंच वाटलं. संध्याकाळी वर जाताना त्याच्या शर्टाला हाच वास होता. मी लक्ष दिलं नाही."

"आणि बसवंत? तो तुरुंगात गेला तरी चालेल?"

"बसवंताला बायको आहे, मुलं आहेत, सगळी गल्ली ओळखते. त्याचं निभेल. हा पोरगा रोज संध्याकाळी अर्धा तास खाली बसतो माझ्याजवळ. काय बोलतो, मला निम्मं कळत नाही. पण बसतो. तो गेला की वर दिवा लागायचा नाही, अनुसूया."

"तो दिवा माझ्याही खिडकीतून दिसतो," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"मग?"

"बसवंताला त्याची बायको विचारते, तुम्ही चुकलात का. त्याचं निभत नाहीये, नरसिंहराव."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. अनुसूयाबाई उठल्या, आणि खालच्या फोनवरून त्यांनी तिघांना दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात यायला सांगितलं. दुसरा दिवस सोमवार होता.

६

प्रतिमा तक्रार टाइप करूनच आली होती. बसवंत दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. राजस पलंगाच्या पायथ्याशी होता.

अनुसूयाबाईंनी टीपकागद पलंगावर ठेवला.

"ही गुलाबी किनार बघा. आत आधी लाल तेल होतं. या पेटीला तेच लागतं, तेव्हा बसवंत चुकला नव्हता. ते कुणीतरी काढलं आणि जाड तेल भरलं. केव्हा? बोल्टाच्या आट्यांत झेंडूची पाकळी निघाली, म्हणजे नवमीची पूजा झाल्यावर. आता नवमीला पाना कोण उचलेल? बसवंताने सख्ख्या मेव्हण्याला परत पाठवलं. प्रतिमाच्या घरी भाजीसुद्धा चिरली नाही. नरसिंहराव तर आपली पट्टी आणि हातोडीही देवापुढे ठेवतात. ज्याच्या घरची रीत वेगळी, त्यालाच हे सुचेल." त्या वळल्या. "राजस, अपघात झाला त्या दिवशी तू प्रतिमाला म्हणालास, कोकम सरबतासारखं तेल होतं. पेटी तर त्यानंतर उघडली, आणि तिच्यात निघालं जाड. ते कोकम सरबत तू कधी पाहिलंस?"

राजस गोंधळला, पण घाबरला नाही. उलट त्याला बोलायचंच होतं असं वाटलं.

"हो काकू, मीच चेंज केलं. पण म्हणून तर मला माहितीय ना! आमच्या बाबांची जीप होती नागपूरला. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल, मागचा, सगळ्याला एकच डबा. नव्वद नंबर. खंडेनवमीला बाबा स्वतः ऑइल बदलायचे. दसऱ्याला गाडी नव्या ऑइलवर बाहेर पडली पाहिजे, असं म्हणायचे. मी टॉर्च धरायचो. बाबा गेले, आईने जीप विकली." तो थांबला. "या वर्षी घरी जायला मिळालं नाही. वाटलं, काकांच्या गाडीला करावं. सरप्राइज. डबा अष्टमीलाच आणून ठेवला होता, पाना गाडीतलाच. बोल्ट काढला तर आतून लाल पाणी आलं! मी म्हटलं, बसवंतने घोळ केलाय. मी तर उलट वाचवायला गेलो. माझ्या आधीच आतलं झिजलं असणार, म्हणून…"

"ते पाणी नव्हतं, राजस," अनुसूयाबाई हलकेच म्हणाल्या. "त्या पेटीतला पंप तेवढंच ओढू शकतो. तू घातलंस ते त्याला ओढवलं नाही."

राजसने टीपकागदाकडे पाहिलं, मग नरसिंहरावांच्या प्लास्टरमधल्या पायाकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. समजायला त्याला वेळ लागला, आणि समजल्यावर तो एकदम पलंगाच्या कडेला खाली बसला.

"तुम्हाला माहीत होतं काका?"

नरसिंहरावांनी डोळे मिटले.

प्रतिमा उसळून काही बोलणार होती. तेवढ्यात दारातून बसवंताचा आवाज आला.

"विचारायचं होतंस रे. चार घरांवर तर दुकान."

"बंद होतं," राजस म्हणाला. "सगळंच बंद होतं त्या दिवशी. बोलायला कुणी नव्हतं."

बसवंताने मान हलवली. मग तो आत आला आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा खुर्चीवर बसला. प्रतिमाने तक्रारीचा कागद फाडून पर्समध्ये टाकला आणि ती म्हणाली, "बसवंत, माझं चुकलं. तुमच्या शेडच्या मालकाशी मी बोलते. आणि जरा जोरातच बोलते."

७

पुढे काय काय झालं ते एवढंच.

राजस त्या आठवड्यात बसवंताच्या एकेका गिऱ्हाइकाच्या घरी गेला आणि चूक आपली होती असं तोंडाने सांगून आला. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लावलं. नरसिंहराव म्हणाले होते, राहा. पण त्याला त्या अंगणातून रोज जाणं जमेना. तो कोरमंगलाकडे मित्रांत राहायला गेला, आणि दोन हजार सालच्या आसपास कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. दसऱ्याला फोन येत असे. मग दिवाळीला येऊ लागला. मग येईनासा झाला.

बसवंताचं गॅरेज चाललं, वाढलं. मेव्हणाही बोलू लागला. त्याची मुलगी आता त्याच गल्लीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. परदेशी गाडी आली की तो अनुसूयाबाईंना बोलावून घेई, आणि तेलाचं काम नसलं तरी कॉफीला बसवून ठेवी.

जीप सकलेशपूरच्या एका कॉफी मळेवाल्याने नेली. चामराजपेटेतलं घर प्रतिमाने विकलं आणि काकांना बनशंकरीला स्वतःकडे नेलं. ते काठी घेऊन चालत, पण त्यांनी गाडी पुन्हा चालवली नाही. दोन हजार चार साली ते वारले.

अनुसूयाबाई शेवटपर्यंत समोरच्या आपल्या घरात राहिल्या. नरसिंहराव होते तोवर त्या दर गुरुवारी बस धरून बनशंकरीला जात. सुरुवातीला ते फारसं बोलत नसत. त्या पेपर वाचून दाखवत, थोडा वेळ बसत आणि उठत. एका गुरुवारी ते मध्येच म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर?"

"तर बसवंत कोर्टाच्या फेऱ्या मारत असता, आणि तुम्ही राजसशी गप्पा मारत असता."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"तो अमेरिकेला गेलाच असता म्हणा," ते म्हणाले. मग प्रतिमाला आत हाक मारून त्यांनी दोन कॉफी सांगितल्या.